कापलेली कड

१९ जानेवारी

मने,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, असं आई म्हणते. ठेव. पण तुझ्या ठकीच्या हाताला लागेल असं ठेव. तिला लहानपणापासून दुसऱ्यांची पाकिटं फोडायची हौस आहे.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बिघडलाय आणि तोंड शाबूत आहे. परवा शेजारणीला सांगत होती, माझ्या दोन मुली, धाकटी बोलत नाही आणि थोरली थांबत नाही. मी दार लोटून घेतलं तर म्हणाली, बघा, दारसुद्धा बोलून लावते.

मी त्याच कचेरीत, त्याच खुर्चीवर. टेकडीवरच्या केंद्रातले कॅमेरे रात्रभर आकाशाचे चौकोन टिपतात. सकाळी ते टेकडीवरच्याच आमच्या कचेरीत येतात, आणि मी भर दिवसा पडदे ओढून रात्र जोडत बसते. यंदा काम फार वाढलंय. नव्या सभागृहाच्या भिंतीवर एकच अखंड चित्र लावायचं आहे, आपल्या इथून दिसतं तेवढं सगळं आकाश. माणसानं भिंतीला नाक लावून पाहिलं तरी तारा फुटता कामा नये, असं आमच्या प्रमुखांचं म्हणणं. त्यामुळे स्वच्छ रात्री पुरत नाहीत. पूर्वी 'ढगाळ' म्हणून तळघरात टाकून दिलेल्या रात्रीही काढल्यात. ढग कुठे फाटले असतील तिथला चौकोन घ्यायचा आणि भोकाला ठिगळ लावायचं. माझ्या शेजारी बसतो तो सहकारी, ज्याच्या जाड चष्म्यामुळे आम्ही त्याला दुर्बीण म्हणतो, त्याचं म्हणणं आपण गोधडी शिवतोय आणि बिल शालीचं लावणार आहेत.

ठकीची परीक्षा झाली का? तुला त्या इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेचा त्रास होतो असं कुणीतरी सांगितलं. खिडकीजवळची जागा मागून घे.

एक विचारायचं होतं. तुझ्या कप्तानच्या टपालाच्या विमानाचा उजव्या पंखाचा दिवा दुरुस्त करून मिळाला होता का? तो सांगायचा ना, माझा हिरवा दिवा डोळा मारतो, तक्रार केली तर म्हणतात मारू दे. तो शेवटपर्यंत तसाच होता का, एवढंच.

सहज आठवलं म्हणून विचारते.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

मने,

ठकीची चिठ्ठी आली. दोनच ओळी. 'आई म्हणते दिवा दुरुस्त झाला नव्हता. आई विचारते, का?'

तू 'का' विचारलंस, म्हणजे तू वाचलंस. तीन वर्षांनी तुझ्याकडून एक अक्षर आलं आणि ते नेमकं हे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला माहीत आहे, म्हणून आता सरळ सांगते. बसून वाच.

तळघरातल्या रात्री काढताना, तो परतला नाही ती रात्र माझ्या वाट्याला आली. मुद्दाम शोधली नव्हती. नोंदीत 'ढगाळ' होतं, आणि तेव्हा आपण सगळे किनाऱ्यावर होतो, मी रजेवर होते, त्यामुळे त्या चौकोनांकडे बघायचं कधी कुणाच्या मनातही आलं नाही. पण उत्तरेकडे, डोंगररांगेच्या अंगाला, काही वेळ ढग फाटले होते.

आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. एकाच जागेची पुष्कळ छायाचित्रं एकमेकांवर ठेवायची. जे सगळ्यांत एकाच जागी आहे तो तारा. जे एकातच आहे आणि दुसऱ्यात नाही ते यंत्र आपोआप काढून टाकतं, मग ते विमान असो नाहीतर भिंगावर बसलेला किडा. मी कधी बघतही नाही. पण या फाटक्या रात्रीत छायाचित्रंच मोजकी. यंत्राला खात्री होईना, म्हणून त्यानं मला विचारलं, ही रेघ काढू का?

बारीक हिरवी रेघ होती, मने. मध्ये मध्ये तुटलेली. एकसारखी तुटती तर मी काढून टाकली असती. पण ती हवी तिथे तुटत होती, डोळा मारल्यासारखी. सोबत पांढऱ्या चमकेचे मणी.

तूच ठकीला शिकवायचीस, डावा लाल, उजवा हिरवा. आमचा कॅमेरा उत्तरेकडे बघतो. समुद्र त्याच्या डाव्या हाताला. विमान समुद्राकडे जात असतं तर त्याची डावी बाजू आम्हाला दिसली असती, लाल. दिसतोय हिरवा. म्हणजे उजवी बाजू आमच्याकडे होती. म्हणजे तो समुद्राकडे पाठ करून येत होता.

आणि छायाचित्राची वेळ त्याच्या शेवटच्या बोलण्याच्या बरीच नंतरची आहे. 'पाण्यावर आलोय, पुढे ढग आहेत' असं तो नियंत्रण कक्षाला म्हणाला, नंतर रेडिओ गप्प झाला आणि सगळे धरून चालले की पाण्यानं घेतला. पाण्यानं नाही घेतला. रेडिओ बंद पडला असावा आणि तो मागे फिरला.

शेवटच्या चौकोनात रेघ डोंगरापर्यंत येते. पुढे नाही.

तू म्हणत होतीस, तो समुद्रात नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर, शोध थांबवायच्या कागदावर सही करायची नाही म्हणून तू उठून गेलीस, तेव्हाही हेच म्हणत होतीस. मी काय म्हणाले होते ते तुला पाठ असेल. मलाही आहे.

आशा लावून घेऊ नकोस. हे लिहायला नको होतं असं आता वाटतंय, पण पाकीट चिकटवलं की पुन्हा उघडायचं नाही असं मी ठरवलंय.

ताई


२ मार्च

मने,

शोधकार्यालयात जाऊन आले. दुर्बीणही आला होता, कारण मी रागावले की माझं मराठी बिघडतं असं तो म्हणतो.

अधिकारी तरुण आहे, स्वभावानं वाईट नाही. तीन वर्षांपूर्वीचा तो जाडा अधिकारी बदलून गेला. यानं चहा मागवला, चित्र नीट पाहिलं, मोठं करून पाहिलं. मग म्हणाला, बाई, आकाशात रेघा पुष्कळ असतात. मी दिव्याचं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. मग त्याची खरी अडचण बाहेर आली. प्रत्येक विमानात एक यंत्र असतं, आपटलं की आपोआप हाका मारतं. त्या रात्री हाक आली नाही. हाक नाही म्हणजे पाणी, असा हिशेब लावून त्यांनी सगळ्या बोटी समुद्रात घातल्या. डोंगराकडे एक माणूस पाठवला नाही.

मी म्हटलं, यंत्र बिघडलेलं असेल. पंखाचा दिवा दुरुस्त करून देत नव्हते, ते हाक मारणारं यंत्र कोण बघणार?

त्यानं खणातून छापील अर्ज काढला. मग म्हणाला, 'पत्नीचा अर्ज लागेल. तिच्या बहिणीचा चालत नाही.'

अर्ज सोबत जोडलाय. कुठे सही करायची तिथे मी पेन्सिलीनं फुली केली आहे. मागच्या वेळी तुला सही करायला सांगितलं होतं तेव्हा तू माझ्याकडे जसं बघितलं होतंस ते मी विसरलेले नाही. पण ही सही शोध थांबवायची नाही, सुरू करायची आहे.

एका जागेवरून नुसती दिशा कळते, ठिकाण कळत नाही. दुर्बीणनं पठारावरच्या दुसऱ्या केंद्रातल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांचे चौकोन मागवले. तिथूनही रेघ दिसते, अगदी पुसट. दोन्ही रेघा नकाशावर ओढल्या, त्या जिथे भेटतात तो उतार जंगलात आहे. रस्ता नाही. आमच्या टेकडीवरून ती डोंगररांग रोज समोर दिसते. चहा प्यायला बाहेर येतो तेव्हा आम्ही तिच्याकडेच तोंड करून उभे असतो.

प्रमुखांना कळलं. त्यांनी बोलावून घेतलं, फार सौम्यपणे बोलले. म्हणाले, तुमच्या घरचं दुःख मला समजतं, मूळ चौकोन मी जपून ठेवतो, पण भिंतीवरच्या चित्रात ही रेघ राहता कामा नये. मी म्हटलं, राहणार नाही. त्याच संध्याकाळी मी ती माझ्या हातानं काढली. दुसऱ्या कुणी काढलेली मला चालली नसती.

आईला काही सांगितलेलं नाही. तिला वास आलाय. काल विचारत होती, कुणाचं पत्र आलेलं नाही, मग तू इतकी खूश का?

खूश नाही ग. पण पुष्कळ दिवसांनी हाताला काम आहे, एवढं खरं.

ताई


२१ एप्रिल

मने,

अधिकाऱ्याचा फोन तुला आला असेल. त्याच्याआधी माझं पत्र पोचावं असं वाटत होतं, ते जमलं नाही.

तिथला वनरक्षक, म्हणजे त्या भागातल्या जंगलाची राखण करणारा, आणि त्याची माणसं तुझा अर्ज पोचल्यावर वर गेली होती. विमान मिळालं. दोन्ही रेघा भेटतात तिथून फार लांब नाही. झाडी वरून इतकी मिटलेली आहे की उडत जाणाऱ्याला काही दिसलं नसतं.

तो मिळाला. लहानपणी सायकलवरून पडला होता तेव्हा हाताच्या हाडाला धातूची पट्टी बसवली होती, तिच्यावरून ओळख पटली. डॉक्टरांनी सांगितलं की आघात मोठा होता आणि मृत्यू तत्काळ आला असावा. वेदना झाल्या नसाव्यात. हे तू ठकीलाही सांग.

त्याला खाली आणायची व्यवस्था अधिकारी करत आहेत. तुम्ही दोघी कधी येता ते कळव. स्टेशनवर मी येईन. वरची खोली झाडून ठेवली आहे. आईनं तुझी उशी उन्हात टाकली आहे, काही न विचारता.

ताई


९ मे

मने,

तुझं पत्र आलं. तुझ्या हातचं. तीन वर्षांत पहिलं, आणि त्यात सगळ्या मिळून चार वाक्यं. 'तू आयुष्यात कधी तत्काळ हा शब्द वापरला नाहीस. तुझं पत्र कचेरीतल्या माणसानं लिहिल्यासारखं आहे. मी लांब आहे म्हणून तुला खोटं बोलायची मुभा नाही. खरं लिही.'

मी हे पत्र चार वेळा सुरू केलं. चारही चुलीत गेली. आता जे लिहीन ते तसंच पाठवीन.

तो तत्काळ गेला नाही.

वनरक्षकाला मी जाऊन भेटले. तुसडा माणूस आहे, पण मी विचारलं त्यातलं काही त्यानं लपवलं नाही, आणि न विचारलेलं सांगितलं नाही. विमानाचं नाक झाडांत घुसलेलं होतं. बसायची खुर्ची तिथे नव्हती. ती ओढून बाहेर काढलेली होती, थोडी वर, खडकाच्या आडोशाला. सामानावरचं कापड खडकाला बांधून छप्पर केलं होतं. गाठी नीट होत्या, म्हणाला. मालातले औषधांचे खोके उघडलेले. पायाला दोन्ही बाजूंनी पत्र्याची पट्टी लावून बांधलेली होती, अजून तशीच होती. म्हणजे पाय मोडला होता. उतरून यायचं शक्य नव्हतं.

पुढे राख. पुष्कळ राख, एकाच जागी, दगडांच्या कोंडाळ्यात. त्यानं टपालाची पोती जाळली होती. पोतं फोडून थोडी थोडी पत्रं घालून जाळ धरला होता. तुला माहीत आहे तो टपालाबद्दल किती कडक होता, तुझं पत्रसुद्धा पिशवीतून आधी काढून द्यायचा नाही, टपाल कचेरीतूनच घे म्हणायचा. मी विचारलं, किती पोती जाळली? वनरक्षक म्हणाला, काही रिकामी होती, काही तशीच बांधलेली. म्हणजे पत्रं संपली नव्हती. तो आधी संपला.

काही लिहून ठेवलेलं नाही. मी दोनदा विचारलं. नाही.

इथे थांबावं असं वाटतं. पण तू खरं मागितलंस, आणि एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय आणि दुर्बीणशिवाय कुणाला ठाऊक नाही. ती लपवली तर उद्या तुझ्यासमोर बसून मला जेवता येणार नाही.

तो उतार आमच्या टेकडीसमोर आहे. जाळ झाला असेल तर तो आमच्याकडे तोंड करून जळत होता.

आमच्या सगळ्यांत खालच्या चौकोनांत तळाशी डोंगराची काळी कड येते. जमीन आकाशाच्या चित्रात नको असते, म्हणून चौकोन आला की यंत्र पहिल्यांदा ती कड कापून टाकतं. कापलेलं कुणी बघत नाही. बघायचं कारणच नाही. पण मूळ चौकोन तळघरात असतो, अख्खा.

वनरक्षकाकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते काढले. दुर्बीण म्हणाला, नका काढू. मी काढले.

पडल्याच्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री कडेच्या काळ्यात एक नारिंगी ठिपका आहे. राईच्या दाण्याएवढा. मला वाटलं भिंगाचा दोष असेल, म्हणून पुढची रात्र काढली. तिथेही आहे, त्याच जागी. त्याच्या पुढची. तीही. मग ढग आहेत, काही दिसत नाही. ढग गेल्यावर पुन्हा आहे, लहान झालेला. पुन्हा एकदा आहे. मग नाही.

त्या दिवसांत आपण कुठे होतो ते तुला आठवतं. किनाऱ्यावर त्या मासळीच्या गोदामाशेजारच्या खोलीत. तू पायरीवर बसून पाण्याकडे बघायचीस आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझ्याकडे. बोटी यायच्या आणि जायच्या. डोंगर आपल्या पाठीमागे होता. आई अशा वेळी म्हणते, काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तिला हे सांगितलं नाही, कारण ती हे म्हणेल आणि मग तिला स्वतःलाच ते सहन होणार नाही.

तो जाळ रोज रात्री आमच्या कॅमेऱ्यात येत होता, मने, आणि रोज सकाळी यंत्र तो कापून टाकत होतं. यात कुणाची चूक शोधावी म्हणून मी पुष्कळ डोकं फोडलं. यंत्रानं त्याचं काम केलं. माझ्या जागेवर बदली आलेल्या मुलीनं तिचं केलं. अधिकाऱ्यानं त्याच्या समजुतीनं केलं. एखादा दोषी सापडला असता तर त्याच्या दारात जाऊन बसले असते.

आता तुला सगळं ठाऊक आहे. माझ्याकडे काही उरलेलं नाही.

ताई


३० ऑगस्ट

मने,

जाताना तू म्हणालीस, आता लिहू नकोस. लिहिणार नव्हते. हे पाठवीन की नाही तेही ठरवलेलं नाही. पण तू गेल्यापासून रात्री मनात पत्र सुरूच असतं, आणि आई म्हणते, ओठ हलवत झोपू नकोस, भीती वाटते.

तू आलीस ते दिवस मी कुणाला सांगितले नाहीत. सांगण्यासारखं काय होतं? त्याला आणला, निरोप दिला. ठकी एकदाच रडली, आणि तीही त्याचे बूट बघून. माणसं आली, गेली. आई तुझ्यासमोर काही बोलली नाही, इतका वेळ ती गप्प राहिलेली मी जन्मात पाहिलेली नाही. आणि मग तू स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, मला तुझ्या कचेरीत ने.

मी नको म्हटलं होतं. पुन्हा विचारलं असतंस तरी नको म्हटलं असतं. पण तू विचारलं नाहीस, चपला घालून दारात उभी राहिलीस.

दुर्बीणनं तुझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. मी चौकोन उघडला. तू विचारलंस, 'हा तो?'

मी म्हटलं, 'हो.'

तू बोट पडद्याला लावलंस. तुझं नखसुद्धा त्याच्यापेक्षा मोठं होतं. मग कितीतरी वेळानं तू बोललीस, आणि आवाज इतका साधा होता की मला वाटलं दुसरंच काहीतरी सांगतेयस. 'सगळे म्हणत होते तेच खरं निघालं असतं तर किती बरं झालं असतं, ताई. मला वाटायचं मी बरोबर ठरले की मला बरं वाटेल.'

तुझ्या बोटाचा ठसा पडद्यावर उमटला होता, तो मी पुसला नाही. अजून तसाच आहे.

तू पुढची रात्र मागितलीस. मी दिली. त्याच्या पुढची. ढगांची रात्र आली तेव्हा तू म्हणालीस, या रात्रीही असेल ना तो, नुसता दिसत नाही. मी म्हटलं, असेल. मग लहान झालेला ठिपका. मग शेवटचा. मग नुसती काळी कड.

'पुढची दाखव.'

'मने, पुढे काही नाही.'

'दाखव.'

मी दाखवत गेले. त्या सगळ्या ऋतूच्या रात्री तू पाहिल्यास, एकेक करून, प्रत्येकीत खाली डोकं घालून. कचेरी बंद व्हायची वेळ झाली. दुर्बीण आत आला, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि घरी गेला. बाहेर अंधार झाला होता, आणि पडदे ओढलेले असल्यामुळे आपल्याला ते कळलंही नाही. तू शेवटी उठलीस ती दमून उठलीस. तुझं समाधान झालं नव्हतं.

बसथांब्यावर तू मला मिठी मारलीस. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणालीस, तुझ्यावर राग नाही माझा, अजिबात नाही. पण तुझं अक्षर दिसलं की मला तो ठिपका दिसेल, म्हणून लिहू नकोस. आणि बस आली. ठकीनं मागच्या काचेतून हात केला. तू नाही केलास. मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. लावून घेतलंय, पण तुला दोष देत नाही.

सभागृहाचं उद्‌घाटन गेल्या आठवड्यात झालं. पुष्कळ लोक आले होते. चित्र खरोखरच सुंदर आहे. मुलं भिंतीला नाक लावून बघत होती आणि एकही तारा फुटत नव्हता. प्रमुखांनी भाषणात सांगितलं की एवढ्या मोठ्या चित्रात एकही डाग नाही. टाळ्या झाल्या. दुर्बीणनं वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या, कारण माझ्या शेजारी प्रमुखांच्या पत्नी होत्या आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. उत्तरेच्या भिंतीकडे मी गेले नाही. तिथे काही दिसणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी पाय उचलला नाही.

आई आता दिवसभर झोपून असते. गुडघ्यामुळे नाही, तसं काहीच नाही, डॉक्टर म्हणतात. विचारलं तर म्हणते, उठून काय करू?

माझं म्हणशील तर मी कामावर जाते. राजीनामा लिहिला होता, दिला नाही. घरी बसून छताकडे बघण्यापेक्षा ते बरं. फक्त एक नवी सवय लागली आहे आणि ती सुटत नाही. सकाळी चौकोन आले की यंत्र चालू करण्याआधी मी सगळ्या कडा बघते. एकेक कड, चारी दिशांची. माझं हे काम नाही, त्याला वेळ लागतो, उशीर झाला की प्रमुख घड्याळाकडे बघतात. बघून कुणाचं काही परत येणार नाही, ते मला कळतं. रोज काही नसतं.

काल होतं. दक्षिणेच्या जंगलात, नारिंगी, राईएवढं.

मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. दुर्बीण म्हणाला, बाई, पाणी प्या. मी पाणी नाही प्यायले, वनरक्षकाला फोन लावला. तो भाग त्याच्याकडे नाही, तरी त्यानं कुणाकुणाला विचारलं आणि दुपारी त्याचा उलटा फोन आला. वैतागलेला होता. म्हणाला, 'लाकूडतोडे आहेत, बाई. स्वयंपाक करत होते. दर वर्षी येतात.'

मी विचारलं, किती जण आहेत. तो म्हणाला, तिघं.

मी विचारलं, 'सगळे बरे आहेत ना?'

तो म्हणाला, 'विचारून सांगतो.'

ताई